चढवलेली जीप उतरवताना

जुन्या जीपची उंची तिच्या पाट्यांत असते. चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या या गठ्ठ्याला कुणी कमानपाटे म्हणतात, कुणी स्प्रिंगपाटे, आणि गॅरेजात नुसतेच पाटे. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांत बुश बसतात. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे पाटे, सगळ्यांच्या मधोमध आरपार गेलेला सेंटर बोल्ट, आणि गठ्ठा ॲक्सलला घट्ट धरून ठेवणारे यू-बोल्ट. मेन पाट्याचे एक टोक चासीला पक्के जोडलेले असते आणि दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर. गाडी दबली की कमान सपाट होते, पाटा लांबीने पसरतो आणि ती वाढलेली लांबी शॅकल झुकून सामावून घेतो.

एवढ्या साध्या वस्तूकडे कामे मात्र तीन असतात. ती भार पेलते. ॲक्सलला जागेवर धरते, म्हणजे ब्रेक मारताना किंवा चढावर जोर लावताना चाके पुढेमागे सरकू देत नाही. आणि पाट्यांच्या आपसातल्या घासण्यामुळे उसळीही थोडी शमवते. कॉइल स्प्रिंगला यातले पहिले कामच जमते. उरलेल्या दोन्हींसाठी वेगळे दांडे आणि शॉक ॲब्सॉर्बर लागतात. म्हणूनच पाट्यांची उंची बदलली की फक्त उंची बदलून भागत नाही. चाकाची बसण्याची जागा, प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंगचा दांडा, सगळेच थोडेथोडे हलते. जीप चढवणाऱ्यांना हे सहसा उशिरा कळते आणि उतरवणाऱ्यांना तर पुन्हा एकदा कळते.

पाटे मोटारीपेक्षा जुने आहेत. लंडनच्या ओबादिया इलियटने १८०४ साली लंबगोल पाट्यांचे पेटंट घेतले आणि घोडागाड्यांखालचे जड लाकडी दांडे गेले. आपल्याकडे बग्ग्या आणि टांगे याच पाट्यांवर डुलत चालले. पुढे मोटारीने ते जसेच्या तसे उचलले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला चारही चाकांना पाटेच होते, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत महिंद्रने सुट्या भागांतून ज्या विलीज जीप जोडायला घेतल्या त्यांनाही. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद नावाने सुरू झालेली ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. तिची सीजे ३बी, तिच्या पुढच्या पिढीची एमएम ५४०, नंतरची मेजर, या सगळ्यांचा सांगाडा तोच राहिला: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि ॲक्सलच्या पोटाखाली बांधलेले पाटे. लष्करासाठी जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार झालेली जोंगाही चारही बाजूंनी पाट्यांचीच. अशी लष्करी वाहने सेवेतून बाद झाल्यावर लिलावात निघत आणि खाजगी हातांत येत. भार वाहण्यासाठी घडवलेले त्यांचे पाटे रिकाम्या गाडीला इतके कडक पडत, की नव्या मालकाचे पहिले काम बहुधा एखाद-दोन पाटे काढून टाकण्याचे असे.

कारमधून पाटे गेले; पण ट्रक, टेम्पो, काळी-पिवळी जीप, पिकअप यांच्याखाली ते टिकून आहेत. बोलेरोच्या मागच्या ॲक्सलला आजही पाटेच आहेत. अंबरनाथची एमआयडीसी, उल्हासनगरचे फर्निचर आणि जीन्सचे कारखाने, बदलापूरचा माणकिवलीचा औद्योगिक पट्टा आणि आजूबाजूची बांधकामे यांच्यामुळे बदलापूरच्या या पट्ट्यात मालवाहू गाड्यांची ये-जा अखंड चालते. त्यामुळे पाट्यांची कामे करणाऱ्या कारागिरांना इथे कामाची वाण नाही. मात्र त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक जवळजवळ नेहमी पाटा वाढवून मागते. परवान्यापेक्षा जास्त माल भरायचा, मग मागे एक हेल्पर पाटा चढवायचा, हा टेम्पोवाल्यांचा जुना शिरस्ता. पाटे उतरवून मागणारा क्वचितच येतो, आणि आला तर तो बहुधा जीपवाला असतो.

बदलापूर परिसरात जीप चढवण्याला कारणेही तशीच आहेत. चंदेरीच्या पायथ्याचे रस्ते, कोंडेश्वरकडची वाट, बारवी धरणाच्या बाजूचे जंगल, पुढे मुरबाडकडून माळशेजकडे जाणारे फाटे आणि पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांवरून जाणाऱ्या चिखलाच्या गाडीवाटा. त्यात उल्हास नदी. स्टेशनच्या पश्चिमेला नदीकाठी वसलेले जुने बदलापूर गाव आणि त्याच्या आसपासची सखल वस्ती यांना पुराची सवय आहे. २६ जुलै २००५ चा पूर अजून विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर ते वांगणीदरम्यान पाण्याने वेढलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणी गाडी जेवढी उंच तेवढी बरी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाण्यातून किती खोल जाता येईल हे चासीच्या उंचीपेक्षा इंजिनाच्या हवेच्या तोंडावर, विजेच्या जोडण्यांवर आणि ॲक्सलच्या श्वासनळ्यांवर ठरते. महिंद्रच्या २०२० च्या थारसाठी कंपनीने ही मर्यादा ६५० मिमी सांगितली आहे. पाटे चढवून त्या आकड्यात आपोआप भर पडत नाही, आणि वाहत्या पाण्यात तर उंच गाडीही सरकते.

आता चढवण्याच्या रीती पाहू. कारण उतरवण्याचा मार्ग त्यांतूनच निघतो. सर्वांत सोपी रीत म्हणजे लांब शॅकल. शॅकल दोन इंचांनी लांब केला की पाट्याचे एकच टोक खाली जाते, त्यामुळे ॲक्सलपाशी गाडी साधारण एक इंचच वर येते. दुसरी रीत जादा पाटा घालण्याची: जास्त कमानीचा एक पाटा गठ्ठ्यात सरकवायचा. तिसरी म्हणजे सगळा गठ्ठाच जास्त कमानीचा घ्यायचा. चौथी ठोकळ्यांची, ॲक्सल पाट्यांच्या खाली असलेल्या गाड्यांत मागच्या बाजूला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवतात. पुढच्या ॲक्सलला असा ठोकळा लावणे म्हणजे ब्रेक मारताना तो निसटण्याची जोखीम पत्करणे, आणि ती कुणीही पत्करू नये.

पाचवी रीत सगळ्यांत धाडसी. जुन्या जीपमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर असतो. त्याच्यावर नव्या बैठका वेल्डिंग करून पाटे ॲक्सलच्या डोक्यावर बसवले, तर ॲक्सलच्या नळीची जाडी, पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी आणि बैठकांची उंची मिळून गाडी एकदम पाच-सहा इंच वर येते. शौकीन मंडळींच्या गप्पांत यालाच मोठा मान. पैसेही त्यामानाने कमी लागतात, कारण पाटे तेच राहतात.

मग उतरवायची वेळ का येते? एक कारण घरातले. साठी ओलांडलेल्या माणसाला पायरी नसलेल्या उंच जीपमध्ये चढवणे हा रोजचा तमाशा होतो. दुसरे कारण इमारतींच्या स्टिल्टखालचे पार्किंग. छताच्या बीमखाली हार्डटॉप अडकतो. तिसरे, आणि खरे गंभीर, तोल. वळणावर गाडी उलटण्याची शक्यता दोन गोष्टींवर ठरते: चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागले की येणारा आकडा जितका मोठा तितकी गाडी भक्कम. जुन्या जीपच्या चाकांमधले अंतर सुमारे १,२३० मिमी. गुरुत्वमध्य ६२० मिमी उंचीवर धरला तर आकडा ०.९९ येतो. गाडी चार इंच चढवून तोच ७२० मिमीवर नेला तर ०.८५. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. घाटातल्या वळणावर समोरून एसटी आल्यावर तो किरकोळ राहत नाही. २,०३२ मिमी म्हणजे जेमतेम ८० इंचांच्या व्हीलबेसची सीजे ३बी तर मुळातच आखूड. चढवल्यावर तिचा प्रोपेलर शाफ्ट इतका तिरका होतो की एका विशिष्ट वेगाला सगळी गाडी थरथरते. बरेच मालक शेवटी या थरथरीला कंटाळूनच गाडी उतरवतात.

उतरवण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. अखंड ॲक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असते ती डिफरन्शियलची गोल डबी. ती चाकांच्या रेषेत असते, पाट्यांच्या नव्हे. पाटे कितीही चढवा, डबीखालची मोकळी जागा तसूभर वाढत नाही. ती वाढवायची तर टायरच मोठा लागतो. पाटे चढवून मिळते ती पोटाखालची जागा, दगडावर चढताना-उतरताना मिळणारा कोन आणि मोठा टायर बसण्यापुरती फटीची सोय. तेव्हा पाट्यांतून दोन-तीन इंच उतरवलेली जीप चिखलात फारशी हरत नाही. टायर लहान केले तर मात्र हरते. जीप उतरवून घ्यायला कचरणाऱ्याला हे नीट समजावून सांगितले की निम्मी घालमेल तिथेच संपते.

कामाची सुरुवात मोजण्यापासून. सपाट सिमेंटच्या जमिनीवर, टायरमधली हवा सारखी करून, नेहमीचे सामान गाडीत ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना घ्यायचे. मग पाटा, शॅकल, ठोकळा, बैठक यांतले नेमके काय बदलले आहे ते पाहायचे. वापरून विकत घेतलेल्या जीपमध्ये बहुधा दोन-तीन रीती एकावर एक चढवलेल्या सापडतात: आधीच्या मालकाचा लांब शॅकल, त्याच्या आधीच्याचा जादा पाटा. उंची कुठून आली हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावणे म्हणजे नवा घोळ. ज्या क्रमाने ती चढली त्याच्या उलट क्रमाने ती उतरवावी, हा या कामाचा खरा नियम. तो मोडला की पुढचे सगळे त्रास सुरू होतात.

सर्वाधिक मोडला जातो तो एका सोप्या वाटणाऱ्या उपायाने: गठ्ठ्यातले पाटे काढून टाकणे. हिशेब केला तर यातला फोलपणा दिसतो. पाट्यांच्या गठ्ठ्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. समजा, हजार मिलिमीटर लांब, ४५ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड असे सात पाटे आहेत. ढोबळ सूत्राने त्यांचा कडकपणा दर मिलिमीटरला सुमारे ३.८ किलो येतो, म्हणजे ३०० किलोच्या भाराखाली गठ्ठा ७८ मिमी दबतो. एक पाटा काढला तर तो ९१ मिमी दबेल. गाडी उतरली किती, तर १३ मिमी, अर्धा इंच. तीन इंच उतरवायचे तर सातांतले तीनहून अधिक पाटे काढावे लागतील आणि उरलेल्यांवरचा ताण जवळजवळ दुप्पट होईल. एकच पाटा काढला तरी प्रत्येक उरलेल्या पाट्यावरचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. अशी गाडी आधी मऊ वाटते, मग डुलते, मग खड्ड्यात रबरी बंपस्टॉपवर आदळते आणि शेवटी मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो. मेन पाटा तुटणे म्हणजे ॲक्सलचा एक हात सुटणे. रस्त्यावर हे घडले तर गाडी ज्या बाजूला ओढेल तिकडे जाते.

जाडीच्या घनाचा नियम उलट्या बाजूनेही चावतो. तुटलेल्या ६ मिमीच्या पाट्याच्या जागी भंगारातला ७ मिमीचा बसवला तर त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. एका बाजूला असे झाले की गाडी कायमची एका अंगावर झुकते. पाटे निवडताना मायक्रोमीटर नसला तरी व्हर्निअर हवाच. डोळ्यांना एक मिलिमीटर दिसत नाही.

अर्थात, चढवताना जो पाटा जादा घातला होता तो काढणे यात मोडत नाही. तो मूळ हिशेबाचा भागच नव्हता. लांब शॅकलच्या जागी मूळ मापाचा शॅकल आणि ठोकळा काढून त्या मापाचे आखूड यू-बोल्ट बसवणे हीदेखील निर्धोक कामे. चढवताना पुढच्या चाकांचा कोन साधायला पाचरी ठोकल्या असतील तर त्याही आता काढायच्या, नाहीतर उतरलेल्या गाडीत त्या उलटे काम करतात.

यापेक्षा नाजूक काम म्हणजे कमान उतरवणे. गठ्ठाच जास्त कमानीचा असेल तर त्याची कमान कमी करावी लागते, आणि इथे कारागिराची परीक्षा आहे. पाट्याचे पोलाद साधे नसते. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि त्याच्याबरोबर सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम असते. कारखान्यात ते साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. लोहारांच्या भाषेत हेच पाणी देणे. त्यानंतर पाट्याच्या ताण येणाऱ्या बाजूवर बारीक छर्‍यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आतून दाबलेला राहतो आणि तिथे चीर धरत नाही. एवढी मेहनत घेतलेल्या पाट्यावर गॅसकटरची ज्योत धरून तो लाल केला आणि हातोड्याने सपाट केला की या सगळ्यावर पाणी फिरते. जिथे ज्योत लागली तिथला भाग मऊ पडतो, त्याच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा काही महिन्यांत तिथेच बसतो किंवा तुटतो. कमान पाच मिनिटांत उतरते, हे या रीतीचे एकमेव गुणवर्णन. भट्टीत पाटा तापवून कमान बदलता येते, पण तो संपूर्ण पाटा सारखा तापवून, पुन्हा तेलात बुडवून, पुन्हा टेम्पर केला तरच. उघड्या कोळशाच्या भट्टीवर तापमानाचा अंदाज रंगावरून घ्यावा लागतो, आणि भर उन्हात तो अंदाज चुकतो.

थंड रीत अधिक भरवशाची. हायड्रॉलिक प्रेसखाली दोन आधारांवर पाटा पालथा ठेवायचा, मध्ये दाब द्यायचा, इंच-दीड इंच पुढे सरकवून पुन्हा दाब द्यायचा. असे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका जागी जोर लावला तर पाटा तिथे मोडून कोन पडतो. धीराने घेतले तर एकसंध कमान मिळते. पोलाद दाब सोडल्यावर थोडे परत उसळते, म्हणून हव्या त्या कमानीच्या पलीकडे थोडे दाबावे लागते. किती, ते त्या पाट्यावरच दोन-तीनदा पाहून कळते.

इथे धातूचा एक स्वभाव उतरवणाऱ्याच्या बाजूचा आहे. गाडीचा भार पाट्याला ज्या दिशेने दाबतो, कमान उतरवताना प्रेसही त्याच दिशेने दाबतो. अशा दाबाने पाट्याच्या ताण येणाऱ्या बाजूवर आतला दाब साठून राहतो आणि तो पुढे भार झेलायला मदत करतो. पाटे बनवणारे कारखाने हेच शेवटच्या टप्प्यावर मुद्दाम करतात. उलट, बसलेल्या पाट्याची कमान थंड ठोकून वाढवली तर हा साठा उलट्या दिशेचा होतो आणि पाटा लवकरच पुन्हा बसतो. म्हणजे पाटा चढवण्यापेक्षा उतरवणे पोलादाला जास्त मानवते. गॅरेजात नेमके याच्या उलट समजतात: उतरवणे म्हणजे पाटा खराब करणे. खराब करते ती ज्योत आणि ताणाच्या बाजूवर पडलेले हातोड्याचे व ग्राइंडरचे ओरखडे.

कमान उतरवायची ती सगळ्या पाट्यांची. गठ्ठा सुटा करून ठेवला तर दिसते की खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो, त्यामुळे सेंटर बोल्ट आवळण्याआधी त्यांच्यात बारीक फट राहते. बोल्ट आवळला की ही फट मिटते आणि आखूड पाटे मेन पाट्याला आधीच थोडा भारमुक्त करतात. फक्त मेन पाटा सपाट करून बाकीचे तसेच ठेवले तर हा समतोल बिघडतो. प्रत्येक पाट्याची कमान जमिनीवर खडूने काढून ठेवावी, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंची तुलनाही करता येते.

आणि मग लांबी. कमान उतरली की पाटा पसरतो, हे पुस्तकात सगळ्यांनाच माहीत असते, पण किती हे फार थोडे मोजतात. टोकांमधले अंतर हजार मिमी आणि कमान १५० मिमी असलेला पाटा ७५ मिमी कमानीवर आणला तर टोकांमधले अंतर जवळजवळ ४५ मिमीने वाढते. हे सगळे शॅकलला झेलावे लागते. शॅकल आधीच मागे झुकलेला असेल तर तो चासीला जाऊन टेकतो आणि पाटा दोन्हीकडून जखडला जातो. मग गाडी दगडासारखी आदळते. म्हणून उभ्या गाडीत शॅकल किंचित मागे झुकलेला, पण दोन्ही बाजूंना हालचालीला जागा असलेला हवा. ते जमत नसेल तर कमान उतरवण्याचा हव्यास सोडून मूळ मापाचा नवा गठ्ठा घेणे शहाणपणाचे.

मेन पाट्याचा डोळा उलटा वळवूनही गाडी उतरते. नेहमीचा डोळा पाट्याच्या वरच्या बाजूला वळवलेला असतो. तो खालच्या बाजूला वळवला तर डोळ्याचा आतला व्यास आणि पाट्याची जाडी यांच्या बेरजेइतकी, साधारण सव्वा ते दीड इंच, उंची कमी होते. कमान तशीच राहते, कडकपणा तसाच राहतो. पण डोळा वळवायला टोक तापवावे लागतेच, त्यामुळे हे काम बाहेरून तयार पाटा घेऊन करावे, घरच्या भट्टीवर नव्हे.

ॲक्सलवर चढवलेले पाटे पुन्हा पोटाखाली नेणे हे सगळ्यांत मोठे काम. बैठका कापून काढताना ॲक्सलच्या नळीला ज्योत लागू द्यायची नाही, नळी वाकली की चाक कायमचे वाकडे. मूळ बैठका शाबूत असतील तर काम सोपे. त्या कापून टाकल्या असतील तर नव्या बैठका बसवताना मागच्या डिफरन्शियलचे तोंड ट्रान्स्फर केसच्या शाफ्टशी समांतर राहील असा कोन आधी धरून मगच टाका मारायचा. पूर्ण वेल्डिंग गाडी आपल्या वजनावर उभी करून पुन्हा पाहिल्यावर. हे काम घाईने करणारा वेल्डर पुढे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा खर्च वाढवून ठेवतो.

पाटे उतरले की त्यांच्यासोबत चढलेले बाकीचेही उतरवावे लागते. लांब शॉक ॲब्सॉर्बर ठेवले तर ते पूर्ण मिटून स्वतःच बंपस्टॉप होतात आणि आपल्या कड्या तोडतात. स्टिअरिंगचा दांडा सरळ ठेवण्यासाठी बसवलेला खाली वाकलेला पिटमन आर्म काढून मूळचा लावायचा, नाहीतर खड्ड्यात चाक आपोआप वळते. ब्रेकचा लांब केलेला रबरी पाइप लोंबत राहून टायरला घासणार नाही हे पाहायचे. ३१ इंची टायर ठेवायचेच असतील तर पूर्ण वळवून आणि एक चाक ठोकळ्यावर चढवून ते मडगार्डला घासते का ते तपासायचे. टोइन आणि हेडलाइटची दिशा शेवटी.

२०१० साली आलेल्या पहिल्या थारचा हिशेब वेगळा. तिच्या मागे पाटे असले तरी पुढे टॉर्शन बार आहेत. पुढची उंची तिथल्या ॲडजस्टिंग बोल्टने कमी-जास्त होते, आणि पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले असल्यामुळे तिथे उंची उतरली की डबीखालची जागाही खरोखर कमी होते. फक्त मागचे पाटे उतरवून पुढचे बार ताणलेलेच ठेवले तर गाडी नाक वर करून चालते. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारमधून तर पाटे गेलेच. मागेही कॉइल आल्या. म्हणजे या लेखातले काम हळूहळू जुन्या गाड्यांपुरतेच उरत आहे.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. कल्याणच्या एमएच ०५ नोंदणीची चढवलेली जीप त्यामुळे मूळ उंचीवर आणणे हा अडचणीत टाकणारा नव्हे, अडचणीतून सोडवणारा बदल आहे. मूळ उंचीच्याही खाली उतरवली तर मात्र तोही पुन्हा बदलच. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक हे दोन्ही पाहतो.

जुळणी करताना काही पथ्ये पाळावीत. यू-बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नयेत. एकदा ताणले गेले की ते पुन्हा तसे धरत नाहीत. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत, हवेत लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. यू-बोल्ट पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो. कोकणपट्टीच्या पावसात पाट्यांमध्ये गंज भरतो, ते कडक होतात आणि कुरकुरतात. त्यासाठी पावसाळ्याआधी जळके ऑइल मारण्याची पद्धत आहे, पण ते रबरी बुशांवर उतरू देऊ नये. पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस घातलेले जास्त चांगले.

काढलेल्या जुन्या पाट्यांना गिऱ्हाईक कायम असते. गाडीच्या पाट्याचा कोयता चांगली धार धरतो, म्हणून ठाण्याच्या ग्रामीण भागातच नव्हे तर महाराष्ट्रभर लोहार हे पाटे कोयते, विळे आणि कुऱ्हाडींसाठी घेतात. ते तिकडेच जाऊ द्यावेत. किती भार सोसला आणि कुठे ज्योत लागली हे ठाऊक नसलेला पाटा दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली बसवायला देऊ नये.